पट्टी

मी गिटारी लावतो. एवढंच माझं काम.
चव्वेचाळीस वर्षं 'टिन चॅपल'च्या मागच्या अंधारात,
दातांत छोटा टॉर्च, खिशात तारा कापायची पक्कड.

पोस्टरवर चौघंही अजून तिशीतले आहेत.
व्हॅनमधून उतरतात ते वेगळेच कोणी:
मेर्विन, दर दोन पायऱ्यांना थांबून समुद्राचं कौतुक करणारा,
इड्रिस, ज्याचा गुडघा बेसच्या आधी ताल सोडतो,
आणि ड्रमवर आता ओवाइनचा मुलगा.
काठ्या बापाच्याच,
पण मारतो जरा घाईने,
कुणी हिशोब मागेल म्हणून.

लोकांना काय हवं ते मला तोंडपाठ आहे.
तेच चामडी जाकीट हवं.
काखेत दोनदा शिवण उसवून मीच कापड जोडलंय.
तेच गाणं हवं, अगदी शेवटी,
आणि त्यातला तो चढा सूर,
ज्यावर गेथिन डोळे मिटून टाचा उचलायचा.
नवीन गाणं नको.
"हे गेल्या हिवाळ्यात लिहिलंय," असं तो म्हणाला रे म्हणाला
की खुर्च्या कुरकुरतात, अर्धं सभागृह लघवीला जातं.
दोष कसा देऊ? त्यांचीही वयं झालीत.
गाणं चांगलं आहे खरं तर.
बायको गेल्यावर लिहिलेलं.
मी ते शेवटपर्यंत ऐकतो.

आता माझं पाप सांगतो.
ते गाणं जन्मलं पांढरी तीनमध्ये.
पंचाण्णव साली गेथिनचा घसा बसला,
मी सगळ्या तारा गुपचूप काळी दोनला आणल्या.
मग पांढरी दोन.
ओवाइन गेला त्या वर्षापासून काळी एक.
तारा इतक्या सैल की मेर्विन म्हणतो,
कपडे वाळत घालायची दोरी वाजवतोय.
कुणाला कळलं नाही.
स्टीलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तो ग्लिन,
दोन्ही कानांत यंत्रं,
दर वेळी मागच्या दाराशी माझा हात धरतो:
"अगदी रेकॉर्डसारखं!"
मी मान डोलवतो.
देवळातल्या पुजाऱ्याने डोलवावी तशी.

काल रिलमध्ये होतो.
फेब्रुवारी, किनाऱ्यावर पाळणे ताडपत्रीखाली,
वाऱ्याने थिएटरचं दार आपटत होतं.
गेथिन केस विंचरता विंचरता म्हणाला,
"आज शेवटचं मूळ पट्टीत लाव."
मी म्हटलं, नको.
म्हणाला, "एकदाच."

लावलं.
तारा ताणताना बोटांनाच भीती वाटली.
पहिलं कडवं निभावलं.
दुसऱ्यात आवाजाला चरा गेला,
आणि त्या सुरापाशी येऊन तो थांबला,
तोंड उघडं, टाचा उचललेल्या.
काहीच आलं नाही.

बँड वाजत राहिला, थांबायचं कुणाला सुचेना.
मग तिसऱ्या रांगेतून ग्लिनने ते गाणं उचललं,
मागून सगळ्यांनी,
भसाड्या, दमेकरी, बिअर प्यायलेल्या गळ्यांनी.
वर पांढरी तीन, खाली ते,
दोन गाणी एकमेकांना धडकत राहिली,
इतका बेसूर कारभार मी जन्मात ऐकला नव्हता.

मी सवयीने यंत्र त्यांच्याकडे धरलं.
काटा थरथरला आणि टेकला:
काळी एक.
सहाशे माणसं, सगळी काळी एकमध्ये.

म्हणजे माहीत होतं.
किंवा माहीत नसेल, फक्त गळ्यांना ठाऊक होतं,
स्वयंपाक करताना, लॉरी चालवताना
तेही दर वर्षी थोडे थोडे
आमच्यासोबत उतरत आले होते.

मागच्या दाराशी ग्लिन आला. हात धरला.
या वेळी रेकॉर्डचं काही बोलला नाही.
"ते मधलं," म्हणाला, "हिवाळ्यातलं,
परत वाजवणार का?
मी तेव्हा रांगेत होतो."

उद्या रेक्सहॅम.
व्हॅनमध्ये गेथिन काचेला डोकं टेकून झोपलाय.
मी गिटारी मांडीवर घेतल्यात,
एकेक खुंटी सैल करत.